घरावर रेडिओ अँटेनाचा मास्ट: परवानगी, कागदपत्रं आणि अर्थिंग

पाइप विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. घराचा आराखडा काढा, मास्टची, म्हणजे अँटेना धरणाऱ्या खांबाची, जागा दाखवा आणि अँटेनाच्या टोकापर्यंतच्या उंचीच्या दीडपट त्रिज्येचं वर्तुळ काढा. मास्ट गच्चीवर असेल, तर कठड्याबाहेर कोसळून तो कुठवर पोचेल तेही धरा. या अंतराच्या आत विजेची तार येत असेल, तर अर्ज करूच नका, जागा बदला. मास्ट उभारताना तो तारेवर कलला, तर धरणाऱ्याचा जीव जातो.

परवानग्या दोन असतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. प्रक्षेपण करायचं असेल, तर दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढावा लागतो. (मोर्स संकेतलिपीची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ मध्ये उठली, त्यामुळे त्या धास्तीनं थांबू नका.) पण तो परवाना रेडिओचा असतो. मास्टची मंजुरी स्थानिक बांधकाम खात्याकडे मागायची. विमानतळ जवळ असेल, तर उंचीची मर्यादा आधी विचारा. नुसतं ऐकणाऱ्यांनाही मास्ट तितक्याच काळजीनं बांधावा लागतो.

अर्जाला साधारणपणे ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, मालकीची कागदपत्रं किंवा मालकाचं ना-हरकत पत्र, परवान्याची प्रत आणि आराखडा जोडतात. मास्ट उंच असेल, तर स्थापत्य अभियंत्याचा दाखलाही घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. धुराड्याला किंवा विटांच्या कठड्याला मास्ट जखडू नका. मास्टला चहूबाजूंनी ओढून धरणाऱ्या ताणतारा निदान तीन, एकमेकींपासून १२० अंशांवर.

आराखड्यात अर्थिंग दाखवायला विसरू नका, माझ्या मते अर्जाचा जीव तिथेच आहे. मास्टच्या बुडापासून किमान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार निघाली पाहिजे, जवळच्या वाटेनं आणि शक्य तितकी सरळ. आभाळातून पडणाऱ्या विजेचा प्रवाह क्षणात इतका चढतो, की काटकोनी वळणावर तो तार सोडून शेजारच्या धातूवर उडी घेऊ शकतो. मास्टसाठी जमिनीत अर्थिंगचा रॉड वेगळा ठोकलात, तर तो घराच्या मुख्य अर्थिंगला जोडाच. नाहीतर दोन अर्थिंगांमधल्या विद्युतदाबाचा फरक तुमच्या रेडिओतून वाट काढतो. अँटेनाची को-अॅक्स केबल घरात शिरते तिथे अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारं साधन) लावून तोही याच अर्थिंगला जोडा.

क्लॅम्पखालचा रंग पॉलिश पेपरनं घासा, उघडा धातू चमकेपर्यंत. रंगावर आवळलेला क्लॅम्प दिसायला घट्ट असतो, पण जोड होत नाही. इतकं करूनही थेट पडलेल्या विजेपासून सेट वाचेलच असं नाही. आभाळ भरून येण्याआधीच केबल काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

रॉडचा जोड मातीखाली जाण्याआधी त्याचा जवळून फोटो काढा आणि फाइलला लावा. तपासणीला येणाऱ्यासाठी खड्डा पुन्हा उकरावा लागणार नाही.