आर्ने याकोबसेन यांची घड्याळे

आर्ने याकोबसेन यांची घड्याळे : डॅनिश वास्तुविशारद आर्ने याकोबसेन (१९०२–१९७१) यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मृत्यूपर्यंत वेळोवेळी आखलेली भिंतीवरची व मेजावरची घड्याळे. एलके, रोमन, स्टेशन, सिटी हॉल आणि बँकर्स ही त्यांतली प्रमुख. आज ती गृहसजावटीच्या दुकानांत, भेटवस्तूंच्या मांडणीवर दिसतात. पण रोमन, सिटी हॉल आणि बँकर्स ही मूळची कचेरीतली घड्याळे आहेत. दोन नगरसभागृहे आणि एक मध्यवर्ती बँक यांच्या भिंतींसाठी, लांबून चालता चालता वाचता यावीत म्हणून ती काढली गेली. त्यांच्या तबकडीचे बहुतेक गुण यातूनच आले आहेत, आणि घरी आणल्यावर जाणवणाऱ्या काही अडचणीही.

याकोबसेन यांचे नाव जगाला त्यांच्या खुर्च्यांमुळे ठाऊक आहे : मुंगीच्या आकाराची १९५२ ची आणि अंड्याच्या आकाराची १९५८ ची. इमारतीचे काम हाती घेतले की दाराची मूठ, दिवा, पडदा, काटे-चमचे असे सगळे आपणच आखायचे, हा त्यांचा खाक्या होता. कोपनहेगनमधील एसएएस हॉटेल (१९६०) हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. घड्याळेही अशीच, इमारतीच्या आराखड्याचा भाग म्हणून जन्माला आली.

अपवाद पहिल्याच घड्याळाचा. लॉरिट्झ क्नुडसन या विद्युत उपकरणे बनवणाऱ्या डॅनिश कंपनीसाठी याकोबसेन यांनी एक छोटे मेजावरचे घड्याळ आखले. ते १९३९ मध्ये बाजारात आले आणि कंपनीच्या आद्याक्षरांवरून एलके म्हणून ओळखले जाऊ लागले. लॉरिट्झ क्नुडसन हे नाव मुंबईकरांना आता अनोळखी राहिलेले नाही. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्टियन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत जी लार्सन अँड टुब्रो कंपनी काढली, तिचा स्विचगिअरचा, म्हणजे वीजपुरवठा जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांचा व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर इलेक्ट्रिक या फ्रेंच कंपनीकडे गेला, आणि २०२४ पासून तो लॉरिट्झ क्नुडसन याच नावाने चालतो. मूळ डॅनिश कंपनीही त्याआधीच श्नायडरच्या ताब्यात गेली होती, म्हणून हे नाव मोकळे होते. इलेक्ट्रिकच्या दुकानात एमसीबीच्या खोक्यावर ते वाचणाऱ्याला त्याच नावाचे एक घड्याळही आहे, याची सहसा कल्पना नसते.

रोमन हे घड्याळ ऑर्हूस शहराच्या नगरसभागृहासाठीचे. ही इमारत याकोबसेन यांनी एरिक म्योलर यांच्यासह आखली आणि १९४१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. मूळ आराखड्यात मनोरा नव्हताच. नगरसभागृह म्हटले की मनोरा हवा, असा ऑर्हूसकरांनी आग्रह धरला. वाद बराच रंगला आणि शेवटी वास्तुविशारदांनाच नमते घ्यावे लागले. त्यांनी ६० मीटर उंचीचा मनोरा दिला, पण नेहमीसारखा नव्हे : काँक्रीटचा सांगाडा काही भागात उघडाच ठेवला आणि सुमारे ७ मीटर व्यासाची तबकडी माथ्यावर न बसवता खाली, सांगाड्याला बाहेरून जोडल्यासारखी लावली. आतल्या दालनांतली घड्याळे त्या मानाने शांत आहेत. रोमन आकडे आहेत, पण त्यांच्या टोकांना वळणे नाहीत. एक, पाच आणि दहा फक्त सरळ रेघांनी काढलेले. जुन्या नगरसभागृहाची आठवण ठेवायची आणि जुनाट मात्र दिसायचे नाही, ही तडजोड या तबकडीला मनोऱ्यापेक्षा अधिक साधली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

स्टेशन हे घड्याळ १९४० च्या दशकातलेच : साधे ठळक आकडे, रेल्वेच्या फलाटावर शोभेलसे. याच सुमारास, १९४३ मध्ये, ज्यू वंशाच्या याकोबसेन यांना जर्मनव्याप्त डेन्मार्कमधून होडीने स्वीडनला निसटावे लागले. महायुद्ध संपल्यावर ते परतले. कोपनहेगनजवळच्या रोडोव्हरे येथील १९५६ च्या नगरसभागृहासाठी त्यांनी केलेल्या सिटी हॉल घड्याळात आकडे उरलेच नाहीत, फक्त रेघा राहिल्या. काच आणि पोलादाच्या त्या इमारतीला तेच साजेसे होते.

बँकर्स हे शेवटचे आणि सर्वांत प्रसिद्ध घड्याळ. कोपनहेगनमधील डॅन्मार्क्स नॅशनलबँक या मध्यवर्ती बँकेच्या इमारतीसाठी ते आखले गेले. इमारतीचे काम १९६५ मध्ये सुरू झाले. १९७१ मध्ये याकोबसेन वारले आणि त्यांचे सहकारी हान्स डिसिंग व ऑटो वाइटलिंग यांनी ते १९७८ मध्ये पूर्ण केले. या तबकडीवर प्रत्येक तासाच्या जागी छोट्या १२ चौकटींची एक रांग आहे. रांगेतली एकच चौकट भरलेली, बाकीच्या रिकाम्या. पुढच्या तासाला भरलेली चौकट एक घर सरकते. बारा तासांच्या बारा भरलेल्या चौकटी मिळून तबकडीवर एक वळसा तयार होतो. वेळ बघताना चौकटी कोणी मोजत नाही. काट्यांच्या कोनावरूनच वेळ कळते. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर ही नक्षीच झाली. मात्र ती हिशेबातून निघाली आहे, आणि बँकेच्या भिंतीवर हिशेब दिसावा, यात गैर काही नाही.

त्याच देशात, त्याच काळात याच्या अगदी उलट टोकाचे घड्याळही झाले. येन्स ओल्सन यांचे खगोलीय जागतिक घड्याळ कोपनहेगनच्या नगरसभागृहात १९५५ मध्ये सुरू झाले. त्यात १५ हजारांहून अधिक भाग आहेत. गेऑर्ग येन्सन या चांदीकाम करणाऱ्या कंपनीसाठी हेनिंग कॉपेल यांनी आखलेली ठिपक्यांची घड्याळे आणि याकोब येन्सन यांची घड्याळेही डॅनिश परंपरेतली म्हणून विकली जातात. पण इमारतीतून घरात आलेली घड्याळे ती याकोबसेन यांचीच.

सध्या रोसेनडाल ही डॅनिश कंपनी ती बनवते. याकोबसेन यांच्याबरोबर काम केलेले वास्तुविशारद तायट वायलांट यांच्या सहकार्याने ती नव्याने बाजारात आणली गेली. आत क्वार्ट्झचे यंत्र आणि सेल आहे. भिंतीवरची घड्याळे १६ सेंटिमीटरपासून ४८ सेंटिमीटर व्यासापर्यंत मिळतात. मेजावर ठेवायची गजराची घड्याळे याहून लहान. दालनासाठी काढलेली तबकडी वीतभर आकारात आणली की मिनिटांच्या रेघा एकमेकींत मिसळतात. बँकर्सच्या चौकटींचे तर दुरून राखाडी ठिपके होतात. म्हणून खरेदी करताना मोठे घड्याळ आणि मोकळी भिंत हीच जोडी बरी. स्वयंपाकघरात स्टेशन सर्वांत सोयीचे, कारण लहान मुलांनाही ते वाचता येते. बँकर्स बैठकीच्या खोलीत शोभते, पण घाईच्या वेळी ते कुणाला आवडत नाही.

डेन्मार्कमध्ये पन्नाशी-साठीचे वाढदिवस, लग्नाचा रौप्यमहोत्सव आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास चर्चमध्ये होणारा दीक्षाविधी हे मोठ्या भेटींचे प्रसंग. अशा वेळी सर्वांच्या ओळखीच्या वस्तू देण्याकडे कल असतो : डॅनिश कारागीर काई बोयसेन यांचे १९५१ चे लाकडी माकड, एखादी फुलदाणी, किंवा याकोबसेन यांचे घड्याळ. देणाऱ्याची आवड चुकत नाही, हा फायदा. एकाच घरी दोन-तीन सारखी घड्याळे जमतात, हा तोटा. त्यावर दुकानदारांनी तोडगा काढलेला आहे. भेटीच्या वेष्टनावर बदलून घेण्याची चिठ्ठी डकवलेली असते आणि ती वापरण्यात कुणाला संकोच वाटत नाही.

युरोपीय संघात स्वतंत्र निर्मिती ठरलेल्या उपयोजित कलाकृतीवरील, म्हणजे वापराच्या कलात्मक वस्तूवरील स्वामित्वहक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. याकोबसेन यांच्या बाबतीत ही मुदत २०४१ अखेर संपेल. तोवर रोमन किंवा बँकर्सची हुबेहूब स्वस्त नक्कल तिथे उघडपणे विकणे जोखमीचे आहे. नकला तरीही होतात. त्या ओळखायच्या तर आधी काटे आणि रेघांची जाडी पाहावी, कारण बहुधा चूक तिथेच होते.