एएफसी चॅम्पियन्स लीग २०२१

एएफसी चॅम्पियन्स लीग २०२१ हा आशियाई फुटबॉल महासंघाच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेचा चाळिसावा हंगाम. ‘चॅम्पियन्स लीग’ हे नाव घेतल्यापासूनचा तो एकोणिसावा. सौदी अरेबियाच्या अल हिलालने २३ नोव्हेंबर २०२१ रोजी रियाधमध्ये दक्षिण कोरियाच्या पोहांग स्टीलर्सचा २–० असा पराभव करून विजेतेपद पटकावले. गटसाखळीत प्रथमच ४० संघ उतरले आणि भारत, जॉर्डन, ताजिकिस्तान व फिलिपिन्स या देशांच्या क्लबांना मुख्य स्पर्धेत पहिल्यांदाच जागा मिळाली. भारताची जागा एफसी गोवाची होती. त्याच्या गटाचे सगळे सामने मडगावजवळच्या फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले, पण स्टेडियमचे दरवाजे प्रेक्षकांसाठी बंद होते.

स्पर्धेची मांडणी

आदल्या हंगामापर्यंत गटसाखळीत ३२ संघ खेळत. २०२१ मध्ये ही संख्या ४० झाली आणि चार-चार संघांचे दहा गट पडले, पाच पश्चिम विभागात आणि पाच पूर्व विभागात. संघ वाढले, पण पुढच्या फेरीतल्या जागा १६च राहिल्या. आधी प्रत्येक गटातून पहिले दोन संघ पुढे जात. आता गटविजेता तेवढा निर्धास्त होता, कारण प्रत्येक विभागातल्या पाच उपविजेत्यांपैकी तिघांनाच वाट मोकळी होती. त्यामुळे सहाही सामन्यांतला एकेक गुण आणि एकेक गोल मोलाचा ठरला.

करोनामुळे नेहमीची घरच्या आणि बाहेरच्या मैदानांची साखळी शक्य नव्हती. प्रत्येक गट एकाच ठिकाणी आणून दोन-अडीच आठवड्यांत सामने उरकायचे ठरले. पश्चिमेकडचे सामने १४ ते ३० एप्रिल या काळात रियाध, जेद्दा, शारजा आणि गोव्यात झाले. पूर्वेकडचे सामने पुढे ढकलावे लागले आणि जून-जुलैमध्ये थायलंड व ताश्कंद येथे पार पडले. बाद फेरीही एकेका सामन्याची होती. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने पश्चिमेसाठी रियाधमध्ये आणि पूर्वेसाठी कोरियातल्या जोन्जूत भरवले गेले.

या ओढाताणीत काही देश स्पर्धेतून जवळजवळ पुसले गेले. बदललेल्या तारखा सोयीच्या नसल्याने ऑस्ट्रेलियाच्या क्लबांनी माघार घेतली. चीनचा २०२० चा विजेता जियांग्सू क्लब तर फेब्रुवारी २०२१ मध्येच बंद पडला. बीजिंग आणि ग्वांगझू या क्लबांनी मुख्य संघ मायदेशी ठेवून राखीव व तरुण खेळाडू पाठवले. २०१३ आणि २०१५ मध्ये आशियाचा विजेता ठरलेल्या ग्वांगझूने सहाच्या सहा सामने गमावले आणि त्याला एकही गोल करता आला नाही. चिनी फुटबॉलमध्ये पैसा किती वेगाने आला आणि किती वेगाने ओसरला, याचे इतके स्पष्ट चित्र दुसरीकडे क्वचितच मिळेल.

एफसी गोवा आणि ‘ई’ गट

याआधी भारतीय क्लबांची मजल पात्रता फेरीच्या पलीकडे जात नसे. २०१४ मध्ये पुणे एफसी व्हिएतनामच्या हनोई संघाकडून ०–३ असा हरून पहिल्याच सामन्यात बाहेर पडला होता. इंडियन सुपर लीगला देशातील अव्वल लीग म्हणून मान्यता मिळाल्यावर २०१९–२० हंगामापासून साखळी फेरीत पहिल्या येणाऱ्या संघाला ‘लीग विनर्स शील्ड’ आणि त्यासोबत चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश देण्याचे ठरले. पहिली शील्ड एफसी गोवाने जिंकली. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५–० असे नमवून गोव्याने अव्वल स्थान पक्के केले. मुख्य प्रशिक्षकाला त्याआधी काही आठवडेच हटवले गेले होते आणि संघाची धुरा गोव्याचेच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे होती. आशियाचे दार उघडले तेव्हा बाकावर गोंयकार प्रशिक्षक होता, ही गोष्ट गोव्यातले लोक आजही आवर्जून सांगतात आणि ती सांगण्यासारखीच आहे.

प्रत्यक्ष स्पर्धा चौदा महिन्यांनी आली. तोवर हुआन फेरांडो प्रशिक्षक झाले होते. मार्च २०२१ मध्ये सुपर लीगच्या उपांत्य फेरीत मुंबई सिटीने गोव्याला पेनल्टी शूटआउटमध्ये ६–५ असे हरवले होते आणि ती हार ताजी होती. त्यात खेळाडूंच्या नोंदणीचा पेच आला. आशियाई नियमानुसार तीन परदेशी आणि एक आशियाई देशातला, असे चारच बाहेरचे खेळाडू चालत. फेरांडोंनी एदू बेदिया, इव्हान गोन्झालेझ, होर्हे ऑर्टिझ आणि आशियाई महासंघातल्या ऑस्ट्रेलियाचा बचावपटू जेम्स डोनाची यांना निवडले. त्या हंगामात १४ गोल करून सुपर लीगचा ‘गोल्डन बूट’ मिळवणारा इगोर अँग्युलो बाहेर राहिला. सर्वाधिक गोल करणारा घरी बसवून आशियात जायचे, याचा अर्थ गोव्याला बराच वेळ बचावातच घालवावा लागणार हे प्रशिक्षकाने ओळखले होते. पुढच्या सहा सामन्यांत ते खरे ठरले.

गटात इराणचा पर्सेपोलिस होता. २०१८ आणि २०२० अशा दोन हंगामांत तो अंतिम सामना खेळलेला होता. कतारच्या अल रय्यानचे प्रशिक्षक होते लॉरां ब्लां, फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातले बचावपटू. चौथा संघ संयुक्त अरब अमिरातीचा अल वहदा.

१४ एप्रिलला गोव्याने अल रय्यानला ०–० असे रोखले. त्याच रात्री आठ वाजल्यापासून महाराष्ट्रात संचारबंदी लागू झाली. पहिले दोन आठवडे स्पर्धा आणि दुसरी लाट जणू हातात हात घालून चालत होत्या. देशातील दिवसाची रुग्णसंख्या २२ एप्रिलला प्रथमच तीन लाखांच्या वर गेली आणि दुसऱ्याच दिवशी गोवा पर्सेपोलिसशी परतीचा सामना खेळला. २९ एप्रिलच्या संध्याकाळी गोव्यात टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी संघाचा गटातला शेवटचा सामना होता. आशियातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा साळशेतात, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, आली होती आणि ज्यांनी तिची वर्षानुवर्षे वाट पाहिली ते घरात टीव्हीसमोर बसले होते. ज्या गावांत पावसाळा संपला की शेतातच गोलपोस्ट उभे राहतात, तिथल्या माणसांना याची रुखरुख किती लागली असेल हे वेगळे सांगायला नको.

१७ एप्रिलला अल वहदाशीही ०–० बरोबरी झाली. दोन सामने, दोन गुण, आणि अजून एकही गोल खाल्लेला नाही. याचे मोठे श्रेय गोलरक्षक धीरज सिंग मोइरांगथेमला जाते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे गोल राखणारा हा मणिपुरी मुलगा जानेवारीतच गोव्यात आला होता. अल वहदा पुढे या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, हे लक्षात घेतले की त्या गोलशून्य बरोबरीचे वजन कळते.

२० एप्रिलचा पर्सेपोलिसविरुद्धचा सामना या हंगामातला गोव्याचा सर्वांत लक्षात राहणारा सामना आहे. चौदाव्या मिनिटाला गोव्याला फ्री किक मिळाली. ब्रँडन फर्नांडिसने चेंडू उचलून गोलसमोर टाकला आणि कर्णधार बेदियाने उंच उडी घेऊन हेडरने तो जाळ्यात पाठवला. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत भारतीय क्लबाने केलेला हा पहिला गोल. पास गोव्याच्या मुलाचा, हेडर स्पॅनिश कर्णधाराचा आणि समोर आशियाचा उपविजेता. आघाडी मात्र चारच मिनिटे टिकली. अठराव्या मिनिटाला मेहदी तोराबीने पेनल्टीवर बरोबरी साधली. चोविसाव्या मिनिटाला जलाल हुसेनीने दुसरा गोल केला आणि सामना २–१ असा पर्सेपोलिसकडे गेला. दहा मिनिटांत आनंद आला आणि गेला. पण त्या दहा मिनिटांनी आशियाई फुटबॉलमधले अंतर नेमके कुठे आहे ते दाखवले. संधी मिळाली तर गोल करणे आपल्याला जमत होते. दबाव आल्यावर बॉक्सभोवती शांत राहणे जमत नव्हते.

परतीच्या सामन्यात पर्सेपोलिसने ४–० असा विजय मिळवला. २६ एप्रिलला अल रय्यानविरुद्ध ऑर्टिझने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि गोव्याने ती आघाडी जवळजवळ शेवटपर्यंत जपली. ८९ व्या मिनिटाला कतारी संघाने १–१ अशी बरोबरी साधली. ती दोन-चार मिनिटे आणखी निभावली असती, तर चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबाचा पहिला विजय फातोर्डात नोंदला गेला असता. शेवटच्या सामन्यात अल वहदाने २–० असे हरवले.

पर्सेपोलिस १५ गुणांसह पहिला, अल वहदा १३ गुणांसह दुसरा आणि गोवा तीन गुणांसह तिसरा आला. दोनच गुण मिळवलेला अल रय्यान तळाला राहिला. तीन बरोबऱ्या, तीन पराभव, केलेले गोल दोन, खाल्लेले नऊ. कागदावर हे आकडे किरकोळ वाटतात. पण ज्या देशाचा एकही क्लब याआधी या टप्प्यावर उभा राहिलेला नव्हता, त्याने विश्वविजेत्या खेळाडूच्या हाताखालच्या श्रीमंत संघाला मागे टाकले होते, आणि तेही चारपैकी दोन परदेशी जागा बचावपटूंना देऊन, सर्वाधिक गोल करणारा खेळाडू बाकावरही न घेता.

दोन उपविजेत्यांची अंतिम फेरी

अंतिम सामन्यात पोहोचलेले दोन्ही संघ आपापल्या गटात दुसरे आले होते. अल हिलालची गटसाखळी तर अडखळत पार पडली. ताजिकिस्तानच्या नवख्या इस्तिक्लोलने त्याला ४–१ असे झोपवले. दोघांचे १० गुण झाले, पण आपसातल्या सामन्यांच्या जोरावर इस्तिक्लोल गटात पहिला आला. कोट्यवधींचे खेळाडू बाळगणारा संघ दुशान्बेच्या क्लबामागे राहिला आणि उत्कृष्ट उपविजेत्यांच्या यादीतून कसाबसा पुढे सरकला. पोहांगही आपल्या गटात जपानच्या नागोया ग्राम्पसच्या मागे होता.

बाद फेरीत अल हिलाल वेगळाच संघ होऊन उतरला. तोवर लिओनार्डो जार्दिम प्रशिक्षक झाले होते. हिलालने इराणचे दोन बडे क्लब ओळीने बाहेर काढले, एस्तेघलालला २–० आणि पर्सेपोलिसला ३–०. उपांत्य सामना रियाधमधल्याच अल नसरशी होता. मुसा मारेगाने आघाडी दिली, तालिस्काने बरोबरी केली आणि सालेम अल दोसारीच्या गोलने हिलाल २–१ असा जिंकला.

पूर्वेकडे गतविजेत्या उल्सान ह्युंदाईने गटातले सहाही सामने जिंकले होते. जपानच्या कावासाकी फ्रोंताले संघानेही तीच कामगिरी केली होती. या दोघांची गाठ अंतिम १६ संघांच्या फेरीतच पडली आणि ०–० नंतर उल्सान शूटआउटमध्ये ३–२ असा निसटला. जोन्जूतील उपांत्य सामन्यात त्याच्यासमोर शेजारचाच पोहांग होता. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या दोन शहरांचे हाडवैर जुने आहे. उल्सानने आघाडी घेतली, मग त्याच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळाले. ८९ व्या मिनिटाला पोहांगच्या अॅलेक्स ग्रँटने हेडरवर बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये पोहांगने ५–४ अशी बाजी मारली.

अंतिम फेरीपूर्वी अल हिलाल आणि पोहांग या दोघांच्याही नावावर प्रत्येकी तीन विजेतेपदे होती. जो जिंकेल तो आशियातला सर्वांत यशस्वी क्लब होणार होता. किंग फहद स्टेडियमवर प्रेक्षकांची गर्दी होती. खेळ सुरू होऊन जेमतेम २० सेकंद होत होते, तोच नासिर अल दोसारीने लांबून डाव्या पायाने फटका मारला आणि चेंडू जाळ्यात गेला. प्रेक्षक अजून जागेवर स्थिरावलेही नव्हते. अंतिम सामन्यातला इतका वेगवान गोल या स्पर्धेने पाहिला नव्हता. ६३ व्या मिनिटाला मारेगाने दुसरा गोल केला. १९९१, २००० आणि २०१९ नंतरचे हे हिलालचे चौथे विजेतेपद ठरले. बक्षिसाची रक्कम ४० लाख डॉलर होती. सालेम अल दोसारी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. सर्वाधिक, म्हणजे नऊ गोल केनियाच्या मायकेल ओलुंगाचे होते आणि ते सगळे गटसाखळीतले, कारण त्याचा अल दुहैल त्यापुढे गेलाच नाही.

नंतरचे पडसाद

या विजयामुळे अल हिलाल फेब्रुवारी २०२२ मध्ये अबू धाबीत क्लब विश्वचषक खेळला. तिथे उपांत्य फेरीत तो चेल्सीकडून ०–१ असा हरला आणि चौथ्या स्थानी राहिला.

गोव्याने अर्धवट सोडलेले काम पुढच्याच हंगामात मुंबईच्या संघाने पूर्ण केले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २–१ असे हरवले. विजयी गोल मुंबईच्याच राहुल भेकेचा होता. भारतीय क्लबाचा या स्पर्धेच्या मुख्य फेरीतला तो पहिला विजय. पुढे स्पर्धेची रचना बदलली, वरच्या आणि दुसऱ्या पातळीच्या वेगळ्या स्पर्धा झाल्या आणि भारतीय क्लबांची जागा दुसऱ्या पातळीवर आली.

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या दुसऱ्या पातळीच्या स्पर्धेत अल नसर फातोर्डात आला. गोवा १–२ असा हरला, पण गोव्याचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिस या गोंयकार पोराने केला, आणि या वेळी तो पाहायला स्टेडियमच्या पायऱ्यांवर माणसे होती.