यादीतलं अनोळखी नाव म्हणजे चोर नव्हे

‘वायफायला जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणाऱ्या स्कॅनर ॲपमध्ये अनोळखी नाव दिसलं, की शेजारी तुमचं वायफाय चोरतोय,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. शंका येणं स्वाभाविक आहे. पण ॲप करतं काय? घरच्या नेटवर्कमधल्या साधारण २५४ पत्त्यांना एकेक हाक मारतं. जो ओ देतो, त्याच्या मॅक ॲड्रेसच्या, म्हणजे उपकरणाच्या ओळख क्रमांकाच्या, सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनीचं नाव दाखवतं. ते अनेकदा आतल्या वायफाय चिपच्या कंपनीचं असतं. म्हणून आपलाच टीव्ही परका वाटतो. अँड्रॉइड १० पासूनचे बहुतेक फोन तर मूळ मॅक ॲड्रेस लपवतात, त्यामुळे तेही अनोळखी दिसू शकतात.

खात्रीसाठी घरातली उपकरणं एकेक बंद करून पुन्हा स्कॅन करा. राउटर आणि हातातला फोन सोडून तरीही काही उरलं, तर पासवर्ड बदला.