उपाशी मेंदूचा चिडचिडेपणा

नोव्हेंबर १९४४. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण एका प्रयोगासाठी राहायला आले. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेली ही मुलं उपासमारीचा अभ्यास व्हावा म्हणून स्वतःहून पुढे आली होती. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन घटणार हे ठाऊकच होतं, पण त्यांची मनंही खचत गेली. हसतीखेळती मुलं घुमी झाली, क्षुल्लक कारणावरून एकमेकांवर खेकसू लागली. ताटं चाटून पुसून काढायची, तासन्‌तास पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. ती आधी निरोगी होती, बदललं होतं ते मुख्यतः ताटातलं अन्न.

अन्न आणि मन यांचा संबंध म्हटला की मला आधी हा प्रयोग आठवतो, कारण ‘आनंद देणारे दहा पदार्थ’ छापाच्या याद्यांमध्ये ही साधी गोष्ट हरवून जाते.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विसाव्याला असताना शरीर जी ऊर्जा वापरतं त्यातली सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज. जेवण फार लांबलं आणि रक्तातली साखर बरीच खाली आली, तर शरीर अ‍ॅड्रिनलिन हे धोक्याच्या वेळचं संप्रेरक सोडतं. छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम फुटतो. भीती वाटतानाही नेमकं हेच होतं. म्हणून पोटातल्या भुकेला आपण कधी कधी मनातली अस्वस्थता समजून बसतो आणि समोरच्यावर ओरडतो.

आता सेरोटोनिनबद्दल, म्हणजे मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाबद्दल. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हे खरं आहे. त्यावरून ‘पोट खूश तर मन खूश’ असं सर्रास सांगितलं जातं. पण रक्तातून मेंदूत शिरताना एक कडक पहारा असतो आणि आतड्यातलं सेरोटोनिन तो ओलांडू शकत नाही. मेंदूला स्वतःचं सेरोटोनिन स्वतःच बनवावं लागतं, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. हे आम्ल अन्नातूनच मिळतं, पण मेंदूच्या त्याच दारात इतर अमिनो आम्लंही रांगेत उभी असतात. त्यामुळे एखादा पदार्थ खाल्ला आणि लगेच मन प्रसन्न झालं, असं सरळ गणित इथे नाही. आतडं आणि मेंदू यांचं बोलणं चालतं ते मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूतून, संप्रेरकांतून आणि रोगप्रतिकारक यंत्रणेतून.

मग आहार बदलून नैराश्य कमी होतं का? ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने २०१७ मध्ये ६७ नैराश्यग्रस्तांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना आहारतज्ज्ञाची मदत मिळाली: भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे आणि ऑलिव्ह तेल जास्त, गोड आणि तळकट कमी. उरलेल्यांना तितकाच वेळ गप्पांची सोबत मिळाली. १२ आठवड्यांनी आहार गटातल्या ३२ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं, दुसऱ्या गटात ८ टक्के. आकडे उमेद देणारे आहेत, पण माणसं थोडी होती आणि आपण कुठल्या गटात आहोत हे त्यांना ठाऊक होतं. बहुतेकांचे औषधोपचारही चालूच होते. पोषक घटकांच्या पूरक गोळ्यांनी मात्र निराशा केली. युरोपात हजारावर लोकांना वर्षभर पूरक जीवनसत्त्वं वगैरे देऊन पाहिली, तरी नैराश्य टळलं नाही. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

खरी कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की थकवा, विसराळूपणा, उदासी येऊ शकते आणि ते रक्ततपासणीत कळतं. बरेच दिवस मन उदास असेल तर डॉक्टरांना दाखवावं. चालू औषधं आहाराच्या भरवशावर बंद करू नयेत, हे मी कळकळीने सांगतो.

शिवाय हा रस्ता दुहेरी आहे. नैराश्यात भूकच मरते, किंवा गोडाकडे हात सारखा जातो. भाजी चिरायचंही त्राण नसतं. अशा माणसाला ‘नीट खा, म्हणजे बरं वाटेल’ म्हटलं तर आणखी अपराधी वाटतं. कुणी ताट वाढून आणलं, शेजारी बसलं, तर दोन घास जातात.