आधी बंदूक कोणी खाली ठेवायची?

दक्षिण सुदान 9 जुलै 2011 ला स्वतंत्र झाला. त्याच जानेवारीत झालेल्या सार्वमतात जवळजवळ 99 टक्के लोकांनी वेगळ्या देशाला कौल दिला होता. एवढं एकमत असलेल्या देशात अडीच वर्षं होत नाहीत तोच, डिसेंबर 2013 मध्ये, यादवी पेटली. एकीकडे राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर, दुसरीकडे त्यांनीच पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रीक माचार. बातम्यांत ते दिंका विरुद्ध नुएर असं जमातींचं वैर म्हणून आलं आणि आपण पान उलटून मोकळे झालो.

यादवी युद्धांचा अभ्यास करणारे वैराजवळ थांबत नाहीत. अमेरिकेच्या राज्यशास्त्रज्ञ बार्बरा वॉल्टर यांनी 1990 च्या दशकात एक साधा प्रश्न घेतला. दोन देशांमधली युद्धं पुष्कळदा वाटाघाटींनी मिटतात, मग एकाच देशातली का मिटत नाहीत? त्यांचं उत्तर असं: दोन देश तह करून आपापल्या हद्दीत परततात, फौज शाबूत ठेवून. यादवीत मात्र एका देशात दोन फौजा राहू शकत नाहीत, त्यामुळे कोणाला तरी हत्यारं टाकावी लागतात. आणि ज्या दिवशी ती टाकली, त्या दिवसापासून समोरच्याला शब्द पाळायला लावणारं हातात काहीच उरत नाही. दोघांनाही मनापासून शांतता हवी असली, तरी पहिलं पाऊल टाकणारा मरतो. म्हणून तिसरा लागतो, हमी देणारा.

हे कळायला माळव्यातल्या माणसाला दक्षिण सुदानच्या राजधानीपर्यंत, जुब्यापर्यंत, जायची गरज नाही. जानेवारी 1819 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम यानं रतलामचा राजा आणि दौलतराव शिंदे यांच्यात समेट घडवला. राजानं वर्षाला 84,000 सालिमशाही रुपये द्यायचे, शिंद्यांनी रतलामच्या मुलखात कधीही फौज घालायची नाही, आणि दोघांच्या मधे कंपनी सरकारची हमी. वॉल्टरबाईंचा सिद्धांत पावणेदोनशे वर्षं आधीच इथं राबवला गेला होता म्हणा ना! हमी टिकली, कारण ती देणाऱ्याकडे फौज होती आणि त्याला इथून जायचं नव्हतं. या 'न जाण्याची' किंमत माळव्यानं काय मोजली, ते इंदुरात ब्रिटिश प्रतिनिधीसाठी बांधलेल्या रेसिडेन्सी कोठीकडे पाहिलं तरी लक्षात येतं.

आता जुब्याकडे. ऑगस्ट 2015 मध्ये पूर्व आफ्रिकी देशांच्या 'इगाड' संघटनेच्या मध्यस्थीनं करार झाला. राजधानीतून फौज 25 किलोमीटर बाहेर न्यायची, आणि माचारना सोबत स्वतःचे 1,370 सैनिक आणायची मुभा. म्हणजे तहाच्या कागदावरच अविश्वासाची मोजदाद! एप्रिल 2016 मध्ये माचार परतले. 8 जुलैला, स्वातंत्र्याच्या पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, दोघं नेते राष्ट्राध्यक्षांच्या निवासात असताना बाहेर त्यांच्या अंगरक्षकांत गोळीबार सुरू झाला. काही दिवसांतच माचार पायी काँगोच्या दिशेनं निघाले.

हमीदार कुठे होते? युगांडा इगाडचा सदस्य, आणि त्याचीच फौज डिसेंबर 2013 पासून कीर यांच्या बाजूनं लढलेली. पंचच एका संघाकडून खेळत असेल तर दुसरा संघ बंदूक ठेवील कशाला? शस्त्रबंदी लादायला सुरक्षा परिषदेला जुलै 2018 उजाडावं लागलं.

संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक तिथं स्वातंत्र्याच्या दिवसापासून आहेत, त्यात भारतीयही. महूची लष्करी छावणी इतकी जवळ असल्यानं इंदुरात 'यूएन मिशन' करून आलेला फौजी भेटणं नवलाचं नाही. डिसेंबर 2013 मध्ये अकोबो इथं संयुक्त राष्ट्रांच्या छोट्याशा तळावर आसऱ्याला आलेल्या लोकांना मारायला सुमारे दोन हजारांचा सशस्त्र जमाव चालून आला. तिथं दोन भारतीय जवान कामी आले. त्याच दिवसांत इतर तळांची दारं उघडली गेली आणि हजारो माणसं आत आली. ते तळच पुढे वर्षानुवर्षं त्यांचं घर झाले.

'निळ्या टोप्या काही कामाच्या नाहीत' असं सर्रास बोललं जातं. पण निळ्या टोप्या घालणारे हे शांतिसैनिक जातात तिथं परिस्थिती मुळातच हाताबाहेर गेलेली असते. अतिदक्षता विभागात मृत्यू जास्त होतात म्हणून दोष तिथल्या डॉक्टरांना देता येत नाही. अमेरिकेच्याच राज्यशास्त्रज्ञ व्हर्जिनिया पेज फोर्टना यांनी हा फरक हिशेबात धरून आकडेमोड केली, तेव्हा शांतिसैनिक असलेल्या ठिकाणी युद्ध पुन्हा पेटण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटलेला दिसला. 2013 मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात सैनिकांची संख्या वाढते तशी नागरिकांची हत्या कमी होते, असं आढळलं. माझ्या मते यातला मुख्य मुद्दा असा की शांतिसैनिक लोक वाचवू शकतात, पण नेत्यांमधला सौदा त्यांच्या हातात नसतो.

सप्टेंबर 2018 मध्ये पुन्हा करार झाला. या वेळी दोन्हीकडच्या सैनिकांची मिळून 83,000 ची एकच फौज करायची ठरली. पहिली तुकडी तयार होऊन बाहेर पडायला ऑगस्ट 2022 उजाडलं. निवडणुका पुढे ढकलत ढकलत डिसेंबर 2026 वर गेल्या. दरम्यान मार्च 2025 मध्ये माचार नजरकैदेत गेले, आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर खून व देशद्रोहाचे आरोप ठेवले गेले. त्याच मार्चमध्ये युगांडाची फौज पुन्हा जुब्यात उतरली, याही वेळी कीर यांच्याच मदतीला.