टम्बलिंग (लाकूडकाम)

मणी, गुंड्या, सोंगट्या, खेळण्यांची चाके असे लाकडाचे लहान नग फिरत्या पिंपात घालून, एकमेकांवर घासून गुळगुळीत करण्याची पद्धत. बेळगावकरांना हे यंत्र नवे नाही. ओतीव मालाला चिकटलेली वाळू झाडायला तिथल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, असेच पिंप फिरवतात. फक्त तिथला दणका लाकडाला सोसत नाही.

पिंप षटकोनी किंवा अष्टकोनी बरे. गुळगुळीत गोल पिंपात माल तळाशीच सरकत राहतो, कोनाच्या पिंपात तो वर उचलला जाऊन उलटतो. आतून पॉलिश पेपर चिकटवतात आणि पिंप साधारण निम्मे भरतात. खरे कसब वेगात आहे. 60 सेंटिमीटर व्यासाचे पिंप मिनिटाला सुमारे 55 फेऱ्यांपुढे गेले, की माल भिंतीला चिकटून फिरतो आणि घासणेच थांबते. म्हणून वेग त्याच्या निम्म्यावर, 25 ते 30 फेऱ्यांवर ठेवतात. तेव्हा वरचा थर उतारावरून घसरत खाली येतो. कान दिला तरी कळते: सळसळ म्हणजे माल घसरतोय, खडखड म्हणजे आपटतोय. आपटलेल्या मण्याला बारीक खळगे पडतात आणि ते मेणानेही झाकत नाहीत.

आधी कडांची धार मरते, सपाट भाग नंतर झिजतो. मण्याचे भोक आतून तसेच राहते; पण त्याच्या तोंडाची धार गेली, की माळेचा दोरा कापला जात नाही. 108 मणी हाताने घासून पाहिलेल्या माणसाला या पिंपाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मात्र गोकाकच्या लाकडी खेळण्यांसारख्या कोरीव कामाला ही पद्धत चालत नाही, कोरलेली रेघच पुसट होते.

मऊ आणि कठीण लाकूड एकत्र घालू नये. मऊ नगच जास्त झिजतात. लाकूड पुरते वाळलेले हवे. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या जोरदार पावसात उघड्यावर ठेवलेले लाकूड ओल धरते. अशा लाकडाचे तंतू कापले न जाता नुसते दबतात आणि वाळल्यावर पुन्हा उभे राहतात. काही तासांनी हाताला मऊ लागणारा मणी आठवड्याने खरखरीत झालेला दिसतो, तो यामुळे.

शेवटी मेण. माल चाळून, भुसा झाडून दुसऱ्या स्वच्छ पिंपात घालतात आणि मेणाचे थोडे तुकडे टाकून फिरवतात. घासता घासता मेण सगळ्या नगांवर पातळ पसरते. भुसा राहिला असेल, तर तो मेणात बसतो आणि मणी मळकट दिसतो.