सरासरी वेगळी की चढ वेगळा?

अमेरिकेतल्या जुनाट वेदनांच्या संशोधनात एक निष्कर्ष सारखा भेटतो: कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय रुग्णांत मानसिक घटक ‘वेगळे’ असतात. वेगळे म्हणजे त्यांचं प्रमाण कमीजास्त, की त्यांवरून वेदनेचा अंदाज बांधायचं गणितच निराळं? हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

‘पेन कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल’ घ्या. १९९५ची ही प्रश्नावली. १३ विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. दुखण्याचाच विचार घोळत राहणं, संकट आहे त्याहून मोठं वाटणं आणि हतबलता, हे तीन भाग मोजले जातात. (‘कॅटॅस्ट्रोफायझिंग’ला मराठीत ‘बाऊ करणं’ म्हणू नये, त्यात रुग्णालाच दोष दिल्यासारखं होतं.) अमेरिकी अभ्यासांत कृष्णवर्णीयांचे गुण बरेचदा सरासरीने जास्त आले आहेत.

समजा, एका गटाची सरासरी २२ आणि दुसऱ्याची १६. हा झाला प्रमाणातला फरक. आता गुण १०ने वाढले की ० ते १०च्या पट्टीवर वेदना किती वाढते ते पाहा. दोन्हीकडे १नेच वाढत असेल तर आलेखातल्या रेषा समांतर. अंदाजाचं गणित एकच. एकीकडे १ आणि दुसरीकडे अर्धाच, तर रेषेचा चढ, म्हणजे तिचा तिरपेपणा, वेगळा. सरासरी तंतोतंत सारखी असूनही हे होऊ शकतं.

घोटाळा होतो तो इथे. दोन गटांचं रिग्रेशन (गुणांवरून वेदनेचा अंदाज देणारी रेषा काढायची पद्धत) वेगवेगळं चालवतात. एकात पी-मूल्य (खरा संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून जास्त चढ दिसण्याची शक्यता) ०.०५च्या खाली, दुसऱ्यात वर, की ‘घटक एकाच गटात लागू’ असं लिहून मोकळे. दुसऱ्या गटात माणसंच कमी असतील तर तोच चढ असूनही पी-मूल्य वर जातं. म्हणून दोन्ही गट एकाच मॉडेलमध्ये घ्यावेत, त्यात ‘गुण × गट’ हे दोन चढांमधला फरक मोजणारं पद घालावं आणि तपासावं ते त्या पदाला. तुलना सहसंबंध गुणांकाची (दोन गोष्टी किती घट्टपणे सोबत बदलतात ते सांगणाऱ्या आकड्याची) नको, चढाचीच हवी. गुणांची व्याप्ती आक्रसली की गुणांक आपोआप घसरतो. त्याआधी प्रश्नावली दोन्ही गटांत एकच गोष्ट मोजते का, हेही पाहावं लागतं.

आणि ‘वंश’ हे पद जैविक कारण नव्हे. त्यामागे उत्पन्न, शिक्षण, भेदभावाचा अनुभव आणि मिळालेले उपचार दडलेले असतात. २०१६च्या एका अमेरिकी अभ्यासात तर कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यासारख्या चुकीच्या समजुती गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत आणि निवासी डॉक्टरांतही सापडल्या. डॉक्टरनेच वेदना कमी लेखली, तर रुग्णाच्या हतबलतेच्या गुणांत त्याचाही वाटा असू शकतो, आणि तो प्रश्नावलीत दिसत नाही.